फक्कीची रेषा

थैलीत आता चेंडू जास्त होते आणि मैदानावर माणसं कमी.

हंगाम संपला तेव्हा सकाळच्या सरावाला बिनसंघाचे इतके खेळाडू येत की समोरासमोर दोन संघ उभे राहत. सगळेच तिशी ओलांडलेले. कुणाचा करार संपला होता, कुणाला क्लबने पाठीवर थाप मारून दार दाखवलं होतं. प्रत्येकजण पहिल्या दिवशी आपला चेंडू आणून सगळ्यांच्या जाळीच्या थैलीत टाकी आणि रोज जुन्या क्लबचा शर्ट उलटा करून घाली. छातीवरचं चिन्ह आत, शिवण बाहेर. मधल्या फळीतल्या एका टकल्या खेळाडूला सगळे पोस्टमन म्हणत, कारण त्याचा पास ज्याच्या नावाचा त्यालाच पोचे. तो म्हणे, "शर्ट उलटा घातला की एक बरं असतं, कुणी सही मागत नाही." तशीही कुणी मागत नव्हतं.

या मंडळींत एक रीत आपोआप पडली होती. ज्याला संघ मिळे तो निरोप घ्यायला येत नसे. मागे राहणाऱ्यांच्या तोंडाकडे बघणं जड जाई. तो फक्त आपला चेंडू थैलीत तसाच सोडून जाई. आणि ज्याने आशा सोडली तो आपला चेंडू काखेत मारून घरी नेई. म्हणून रोज सकाळी आल्या आल्या सगळे आधी थैलीकडे बघत. न आलेल्याचा चेंडू आत असला की तो सुटला, हे तिथे कळे.

आता नोंदणीची मुदत संपत आली होती. थैली टम्म फुगली होती आणि मैदानावर मूठभर माणसं उरली होती. त्यांत मैदान सांभाळणाऱ्या बाबांचा धाकटा मुलगा होता. शाळेत वर्गात सगळ्यांत बुटका म्हणून त्याला बारक्या म्हणायला लागले. पुढे तो दाराच्या चौकटीला कपाळ आपटेल इतका उंच झाला, तरी नाव तेच राहिलं. उभं आयुष्य त्याने गोलमध्ये काढलं होतं.

आज थोरला मुलगा, दादा, आपल्या क्लबच्या मुख्य प्रशिक्षकांना घेऊन येणार होता. दादा स्वतः तिथे त्यांच्या हाताखाली होता. त्यांना एक अनुभवी गोलकीपर हवा होता. अर्ध्या मैदानावर, एकाच गोलवर चाचणी व्हायची होती. बाबा उजाडताच मैदानावर आले, थैली उचलून त्यांनी गोलच्या मागे ठेवली आणि फक्कीच्या गाड्यात पांढरी पूड ओतली.

बाबा हे मैदान खेळाडूंच्या दोन पिढ्या बघत सांभाळत आले होते. गवत कापणं, रोलर फिरवणं, जाळ्या बांधणं ही कामं कुणालाही येतात. रेषा मारणं येत नाही. दोन खुंट्या, ताणलेली दोरी आणि दोरीच्या कडेने चालणारं गाडं, एवढंच ते काम. पण बाबांनी मारलेली रेषा बघून बाहेरगावचे पंच एक माप घेत आणि टेप गुंडाळून खिशात टाकत. बाबांना आयुष्यात जे नाव मिळालं ते या रेषांनी.

काल संध्याकाळी ताई आली होती. दादाच्या पाठची, बारक्याच्या आधीची. ती इस्पितळात मोडलेल्या, आखडलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेते. ओट्याशी उभी राहून, आवाज खाली आणून तिने बाबांना सांगितलं की बारक्याचा उजवा खांदा गेला आहे. तो वर्षभर तिच्याकडे गुपचूप येतो आहे. कुणाला सांगू नकोस म्हणाला होता, पण आता तिला राहवत नव्हतं. जवळून मारलेला चेंडू उजवीकडे आला तर त्याचा हात वेळेवर पोचत नाही. एखादवेळी तो असा पडेल की पुन्हा हात डोक्यावर जायचा नाही. तुम्ही सांगितलंत तरच तो ऐकेल, असं ती म्हणाली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"आणि लांबून मारला तर?"

"लांबून आला तर वेळ मिळतो," ताई म्हणाली. "पण बाबा, मुद्दा तो नाही."

बाबांच्या डोक्यात मात्र तेवढंच राहिलं.

गोलसमोर दोन चौकोन असतात, एक लहान आणि एक मोठा, आणि त्यांच्या मधोमध पेनल्टीचा ठिपका. बाबांनी लहान चौकोनाची खुंटी उपटली आणि एक पाऊल पुढे, मैदानाच्या बाजूला ठोकली. एकच पाऊल. मग मोठ्या चौकोनाची, मग ठिपका. सगळं सारखंच सरकवलं, म्हणजे एकात एक नीट दिसेल आणि कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही. जुन्या रेषा त्यांनी झाडूने मोडल्या, वर पाणी मारलं. गाडं ढकलताना त्यांचे हात नेहमीसारखेच स्थिर होते. याचंच त्यांना नंतर नवल वाटलं.

*

बारक्याची बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. कुणाला कुठला नंबर लागतो, कुणाच्या नाकावर कुठली फ्रेम बसते, हे तिला बघताच कळतं. बाबा तिला सूनबाई म्हणतात. इतकी वर्षं झाली तरी तोंडातून नाव कधी आलं नाही, आणि तिलाही त्याची सवय झाली आहे. आज तिने रजा घेतली होती. मैदानातल्या प्रेक्षकांच्या बैठकीमागेच त्यांचं घर असल्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोलची एक बाजू दिसते.

बारक्या मोरीत हातमोजे भिजवत होता. कोरड्या मोज्यांना चेंडू चिकटत नाही. मग त्याने उलटा केलेला शर्ट घेतला, आधी उजवा हात आत सरकवला, मग डोकं, आणि डावा हात शेवटी. खांदा दुखणारा माणूस असाच शर्ट घालतो. सूनबाईला हे कधीपासून माहीत होतं. तिला माहीत आहे हे बारक्याला माहीत नव्हतं, आणि ताईलाही नव्हतं. त्या घरात तो खांदा म्हणजे दिवाणखान्याच्या मधोमध ठेवलेल्या कपाटासारखा होता. सगळे त्याला वळसा घालून जात आणि कुणीच त्याचं नाव घेत नसे.

"बरा दिसतोय ना?" त्याने विचारलं.

"उलट्या शर्टात कोण बरं दिसणार," ती म्हणाली, आणि त्याची मागे वळलेली कॉलर सरळ केली.

तो हसला आणि चौकटीखालून वाकून बाहेर गेला.

मग तिने रात्री मुक्कामाला राहिलेल्या ताईला आत ओढलं आणि एक गोष्ट सांगितली. मैदानाच्या कार्यालयातले कारकून दुकानात चष्मा नीट करून घ्यायला आले होते. बाबा आता निवृत्त होणार, तेव्हा धाकट्याला त्यांच्या जागी घ्यायला कार्यालय तयार आहे, असं त्यांनी बाबांना सांगितलं होतं म्हणे. पगाराची जागा, घर बदलायला नको. बाबांनी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. घरात येऊन कुणाजवळ बोलले नाहीत.

"काय कारण दिलं?" ताईने विचारलं.

"माझा मुलगा रेषांच्या आत खेळतो, रेषा मारत नाही. असं म्हणाले."

ताईने खिडकीतून गोलकडे बघितलं. बाबांनी आयुष्यभर जे काम मान वर करून केलं, तेच मुलाला द्यायला त्यांना लाज वाटावी, हे तिला कळलं आणि कळूनही बरं वाटलं नाही. दोघींनी ठरवलं की चाचणीत काहीही होवो, जेवताना हा विषय काढायचा. ताईने सुरुवात करायची, सूनबाईने पुढे न्यायचं. नणंद-भावजयीचं एवढं एकमत त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. आई असती तर तिने दोघींना वेगवेगळ्या कामांना धाडलं असतं.

*

दादाने मुख्य प्रशिक्षकांसाठी खुर्ची आणून ठेवली. ते बसले नाहीत. साहेब कधीच बसत नाहीत, हे दादाला ठाऊक होतं, तरी खुर्ची आणावी लागते.

साहेबांना इथवर आणायला त्याला बराच धीर गोळा करावा लागला होता. घरच्या माणसाची शिफारस करणं हे काम असं आहे की जमलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही आणि फसलं तर कुणी विसरत नाही. दादाने सांगितलं होतं की माझा भाऊ म्हणून बघू नका, गोलकीपर म्हणून बघा. तो अजून दोन हंगाम सहज खेळेल. हे सांगताना त्याचा स्वतःवर विश्वास होता. खांद्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बचावाला पोस्टमन आणि त्याचे तिघे जुने सोबती होते. हल्ला करायला जवळच्या कॉलेजचा संघ बोलावला होता. सगळे कोवळे, पायांत वारं भरलेले. बाबा गोलच्या बाजूला, थैलीजवळ, पाठीमागे हात बांधून उभे होते.

सुरुवात झकास झाली. मोठ्या चौकोनाच्या कडेवरून सणसणीत मारलेला चेंडू बारक्याने छातीवर घेतला. पुढचा उजवीकडे खाली आला. तो आडवा झाला आणि बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर काढला. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. मग साहेबांनी पेनल्ट्या मारायला सांगितल्या. ठिपक्यावर चेंडू ठेवून मुलं एकामागून एक मारत गेली. बारक्याने त्यातल्या चांगल्या निम्म्या अडवल्या, आणि पोस्टमन ओरडला की पोरांनो, याच्यापेक्षा भिंतीवर मारा, भिंत दमते तरी. साहेबांनी मान हलवली. दादा खुर्चीच्या पाठीला निवांत टेकला.

मग साहेब म्हणाले, आता खुलं खेळा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गोलकीपरची पाठ गोलकडे असते. आपल्या मागे गोल किती दूर आहे हे त्याला दिसत नाही, आणि वळून बघायला सवड नसते. म्हणून तो पायाखालची रेषा बघतो. लहान चौकोनाची रेषा पायाखाली आली की त्याला कळतं, आता मागे एवढंच अंतर आहे, उंच आलेला चेंडू इथून उडी मारून हाताशी येईल. हा हिशेब तो डोक्याने करत नाही, पाय करतात. चांगल्या गोलकीपरचे पाय रेषेवर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

मुलांमधला एक चपळ पोरगा चेंडू घेऊन एकटाच आत घुसला. बारक्या कोन कमी करायला पुढे आला आणि बरोबर रेषेवर थांबला, जिथे तो जन्मभर थांबत आला होता. पोराने चेंडू अलगद उचलला. बारक्याने मागे झेप घेतली. चेंडू त्याच्या बोटांवरून, वीतभर उंचीने गेला आणि दांड्याखाली शिरला.

असं होतं कधीकधी. पण पोरं हुशार होती. थोड्या वेळाने दुसऱ्याने तसाच उचलला, आणि तो तसाच गेला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी बारक्या जाळीत जाऊन पडला आणि उठायच्या आधी काही क्षण गुडघ्यांवर बसून समोरच्या रेषेकडे बघत राहिला.

दादाला त्या वेळी फक्त लाज वाटली. भावाची वाटली, आणि भावाची लाज वाटते याची वाटली.

साहेबांनी शिट्टी मागून घेतली आणि वाजवली. गाडीकडे जाताना ते चांगल्या शब्दांतच बोलले.

"हात अजून चांगले आहेत तुझ्या भावाचे. पण आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळत नाही. आणि वय झालेल्या गोलकीपरकडून आपण दुसरं काय विकत घेतो?"

दादाने गाडीचं दार धरलं.

*

सगळे पांगले तरी बारक्या गोलमध्येच होता. पोस्टमन येऊन शेजारी बसला, बुटांच्या नाड्या सोडत. म्हणाला की माझ्या मेव्हण्याचं फर्निचरचं दुकान आहे, सोमवारपासून तिथे जातोय, आता लोकांच्या घरी कपाटं पोचवेन, नाव सार्थ होईल. मग तो थैलीपाशी गेला, बराच वेळ हात घालून आपला चेंडू शोधला, काखेत मारला आणि मागे न बघता गेला.

बारक्या एकटा उरला तेव्हा त्याने गोलरेषेला टाच लावली आणि लहान चौकोनाकडे चालायला लागला. हे अंतर तो लहानपणापासून चालत आला होता. प्रत्येक सामन्याआधी, प्रत्येक मैदानावर. त्याच्या पायांना ते अंतर जिना उतरावा तसं पाठ होतं, आणि शेवटची पायरी संपली असं वाटून माणूस पाय टाकतो आणि खाली आणखी एक पायरी निघते, तसं त्याला झालं. एक पाऊल उरलं.

तो खाली बसला. गवत बोटांनी बाजूला केलं. जिथे वर्षानुवर्षं फक्की पडते तिथलं गवत विरळ आणि पिवळट होतं. झाडू मारून, पाणी घालून ते हिरवं होत नाही. जुनी रेषा तिथे होती, आपल्या जागी, एक पाऊल मागे.

त्याला कुणाचं काम हे विचारावं लागलं नाही. का, हेही नाही. ताईने सांगितलं असणार. त्याच्या डोळ्यांपुढे बाबा आले, पहाटे खुंटी उपटणारे, आणि त्याला इतका राग आला की हाताशी आलेलं गवत त्याने मुळासकट उपटलं. आयुष्यातली शेवटची संधी, आणि ती घालवायला घरचा माणूस. आत्ता गाडीमागे धावत जाऊन सांगता आलं असतं. साहेब, टेप घ्या आणि मोजा. साहेब टेप घेऊन परतले असते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लबांत कळलं असतं की ज्यांच्या रेषेला पंच टेप लावत नाहीत, त्यांनी पोरासाठी रेषा सरकवली.

राग ओसरला तसं खाली आणखी एक काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. रेषा चुकीची होती हे खरं. पण पूर्वीचा बारक्या पहिला गोल खाल्ल्यावर रेषा सोडून मागे सरकला असता. पूर्वीचा बारक्या तिसरा गोल खात नव्हता. आणि लांबून आलेले जे चेंडू त्याने आज अडवले, ते एक पाऊल जवळून आले असते तर?

दुसरी चाचणी मागितली तर याचं उत्तर मिळणार होतं. ते आपल्याला नको आहे, हे त्याला त्या विरळ गवतापाशी बसल्या बसल्या कळलं.

*

जेवायला सगळे टेबलाशी बसले. सूनबाईने वाढलं. कुणी मीठ मागितलं नाही, म्हणजे कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं.

साहेबांचा नकार दादानेच सांगितला. तो सौम्यपणे बोलायचा प्रयत्न करत होता, पण मनातली खळबळ लपत नव्हती. प्रत्येकाला कधीतरी थांबावं लागतं, मलाही लागलं, मी रडलो नाही, असं तो म्हणाला. मग म्हणाला की उभं कुठे राहायचं हेच जर कळत नसेल तर कुणी काय करणार, वय झालं हे मान्य करायला हवं. सगळं तो ताटाकडे बघून बोलला.

ताईने सूनबाईकडे बघितलं. आता विषय काढायची वेळ होती. सूनबाईला इतके दिवस नेमकं हेच हवं होतं की कुणीतरी बारक्याला थांब म्हणावं. पण ते दादाच्या तोंडून असं आलं, आणि तिला एकदम सोसवेना. तिने भांडं खाली ठेवलं.

"दादा, सकाळी तुम्हीच सांगत होतात, तो अजून दोन हंगाम खेळेल. तुमच्या साहेबांनी मान हलवली की तुमचीही हलते का?"

या घरात दादाला असं कुणी बोललं नव्हतं. तो ताईकडे वळला, ताई तरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून.

"ती बरोबर बोलतेय," ताई म्हणाली. "तू भाऊ म्हणून आणलंस आणि प्रशिक्षक म्हणून परत चाललास."

"मग मी काय करू? त्यांच्या पाया पडू?"

"पुन्हा एकदा बघा म्हणावं," सूनबाई म्हणाली. "मुदत संपायला अजून वेळ आहे. परवा बोलवा. इथे नको, दुसऱ्या मैदानावर घ्या. इथे सगळे ओळखीचे, त्याच्यावर दडपण आलं असेल."

बाबांचा घास हातातच राहिला. आता त्यांनी घास ताटात ठेवला आणि हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट.

"सूनबाई म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या मैदानावर चाचणी घ्यायला हवी. कारण आज सकाळी मी—"

"बाबा," बारक्या म्हणाला, "पाणी द्या जरा."

तांब्या बाबांच्याच हाताशी होता. त्यांनी तो उचलला. पेला भरताना पाणी टेबलावर सांडलं, आणि ते कुणी पुसलं नाही.

बारक्याने पेला घेतला, प्यायला नाही.

"मी एक पाऊल पुढे होतो," तो म्हणाला. तो सगळ्यांना सांगत होता, पण बघत बाबांकडेच होता. "तीनही वेळा. माझीच चूक. रेषा बरोबर होती."

दादाला ते एका हरलेल्या खेळाडूचं सरळ बोलणं वाटलं आणि त्याला आपल्या मघाच्या शब्दांचा पश्चात्ताप झाला. ताईने बाबांचा चेहरा बघितला, मग बारक्याचा, आणि काल संध्याकाळी ओट्याशी आपण काय बोललो ते तिला शब्दन् शब्द आठवलं. तिला उरलेलं जेवण जाईना.

"उद्या इथे शाळांचे सामने आहेत ना?" बारक्याने विचारलं.

बाबांनी मान हलवली.

"मग आज सगळ्या रेषा पुन्हा माराव्या लागतील. खेळून पुसल्यात."

"मारतो मी," बाबा म्हणाले.

"नको. मी मारतो."

सूनबाईने ताईकडे बघून मानेनेच नको म्हटलं. कार्यालयाचा विषय आता काढायची गरज नव्हती. तिला जे हवं होतं ते तिच्या पुढ्यात आलं होतं, आणि ते घ्यायला तिचे हात पुढे होत नव्हते. ती उठली आणि टेबलावर सांडलेलं पाणी पुसायला लागली, वाळलं होतं तिथेही.

*

ऊन कलल्यावर बारक्या मैदानावर गेला. त्याने नवीन रेषा झाडूने मोडल्या, वर पाणी मारलं. विरळ गवताच्या पट्ट्यावर खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि दुसरं टोक घेऊन पलीकडे गेला. पण वारा सुटला होता. इकडे ओढावी तर तिकडची खुंटी सैल मातीत कलत होती आणि दोरी सापासारखी वळत होती. हे काम एकट्याने होतं असं त्याला वाटलं होतं, कारण बाबांना त्याने नेहमी एकट्यालाच करताना बघितलं होतं. तो दोनदा गेला, दोनदा परत आला.

तिसऱ्यांदा त्याने टोक हातात घेतलं तेव्हा दोरी आपोआप ताठ झाली.

पलीकडे बाबा गुडघे टेकून बसले होते, खुंटी दोन्ही हातांनी धरून. ते कधी आले ते त्याला कळलं नाही. त्यांनी मान खालीच ठेवली होती. काही सांगायचं होतं तर ते अंतर फार होतं, आणि जवळ येऊन सांगितलं असतं तरी कमी झालं नसतं.

"ताण," एवढंच ते म्हणाले.

बारक्याने दोरी ताणून बांधली. मग गाडं घेऊन तो दोरीच्या कडेने निघाला. मागे पांढरी रेषा उमटत गेली, जरा वाकडी, मग सरळ. अर्ध्यावर आला तेव्हा बाबांचा आवाज आला, अजून खालीच बघत.

"डाव्या हाताने ढकल. उजव्यावर भार देऊ नकोस."

बारक्या थांबला. मग त्याने हात बदलला आणि पुढे चालू लागला.

लहान चौकोन झाला, मोठा झाला, ठिपका झाला. अंधार पडायच्या आत सगळं जागच्या जागी आलं. बाबांनी दोरी गुंडाळली, खुंट्या पुसून पिशवीत टाकल्या आणि गोलच्या मागची थैली आत नेण्यासाठी उचलायला वाकले. बारक्या म्हणाला, थांबा. त्याने थैलीचं तोंड सोडलं, आत हात घातला. आपला चेंडू शोधायला त्याला वेळ लागला नाही; तो वरच होता. त्याने तो बाहेर काढला, शर्टाला पुसला, आणि डाव्या काखेत घेतला.

बाबा बघत होते. मैदानावर सकाळी येणाऱ्या माणसांच्या सगळ्या रीती त्यांना माहीत होत्या.

दोघे घराकडे निघाले, बापाच्या खांद्यावर दोरी आणि मुलाच्या काखेत चेंडू. स्वयंपाकघराच्या खिडकीत सूनबाई उभी होती. तिने तो चेंडू बघितला, आणि दिवा लावायला हात वर केला होता तो तसाच खाली घेतला.

फाटकाशी बाबा दोन पावलं पुढे झाले. त्यांनी फाटक पूर्ण उघडलं आणि ते धरून बाजूला उभे राहिले, जड ओझं घेऊन येणाऱ्या माणसासाठी राहतात तसे. बारक्या आत आला. मग बाबांनी ते हळूच लोटलं.